दोघांचं टेबल

"म्युझियम चार ठेवा," वजीराभाबी म्हणाल्या. "बघायचा तर सगळा बघायचा. फक्त जिने कमी हवेत. गुडघे आता माझा ऐकत नाय."

सिराज होडेकर मान न वर करता टाइप करत होता. मस्कतच्या अझैबा भागातल्या या ट्रॅव्हल ऑफिसात एकोणतीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्यानं लोकांना जगभर धाडलं होतं. स्वतः मात्र एक हज सोडला तर मस्कत, मुंबई आणि रत्नागिरी यांच्यापलीकडे गेला नव्हता. न पाहिलेल्या शहरांचे रस्ते त्याला पाठ होते. कोपनहेगनच्या बंदरावरच्या कुठल्या हॉटेलाला लिफ्ट आहे आणि कुठल्या खोलीतून नुसतंच पार्किंग दिसतं, हे तो स्क्रीनकडे न बघता सांगू शकत असे.

"हॉटेल समुद्राकडचा घेतो," तो म्हणाला. "राजवाडा, किल्ला, चित्रांचा म्युझियम. मधी एक दिवस नुसता आराम. आठ दिवस पुरेत."

"आणि त्याच्या हॉटेलात जेवण."

त्याच्या म्हणजे रय्यानच्या. वजीराभाबींचा हा एकुलता मुलगा नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला, कुठे कुठे फिरून डेन्मार्कला पोचला आणि आता कोपनहेगनमधल्या एका नावाजलेल्या रेस्टॉरंटात शेफ होता. तिथं दुपारच्या एका जेवणाला अठरा पदार्थ येतात, आणि टेबल मिळावं म्हणून लोक तीन-तीन महिने आधी टपून बसतात.

"भाबी, रय्यानला नुसता फोन केलात तर तो घरीच घेऊन जाईल तुमाला. कशाला एवढा खटाटोप?"

"त्याच्या खोलीत जाऊन भांडी घासायला नाय जायचा मना," वजीराभाबी म्हणाल्या. "पावणी म्हणून जायचा. खुर्चीत बसायचा, आणि तो वाढील ता खायचा. त्याला आधी सांगायचा पण नाय."

सिराजची बोटं थांबली. जवळजवळ हेच शब्द, याच खुर्चीत बसून, भाबींचे नवरे हसनमियाँ त्याला चार वेळा ऐकवून गेले होते. हसनमियाँना जाऊन आता सोळा महिने झाले होते, आणि भाबींना यातलं काहीएक माहीत नव्हतं.

"काय झाला?"

"काय नाय. मासळीच ना जेवणात?"

"मासळीच. दुसरा काय खाणार मी तिकडं?"

पर्स उचलून भाबी उठल्या, आणि परत बसल्या. "एक विचारू, सिराजभाय? तुमची नि ह्यांची वीस वर्षांची दोस्ती. रय्यान दर फोनला विचारतो, अब्बांनी शेवटी कधी माझं नाव काढलं होतं का. मी काय सांगू त्याला? खोटा बोलायला जीभ वळत नाय, आणि खरा सांगवत नाय. ह्यांनी तुमच्यापाशी कधी काय काढला होता?"

"आठवत नाय, भाबी," सिराज म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच ते ऐकवलं नाही.

हसन मजगावकरांचा मस्कतच्याच गाला भागात गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा होता. माणूस तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. आपला मुलगा स्वयंपाकी होणार, तेही डुक्कर आणि दारू असलेल्या किचनमध्ये, हे त्यांना झेपलं नाही. एके दिवशी रय्याननं घरी हौसेनं मासळी केली आणि बापाचं ताट वाढलं. हसनमियाँनी ते सरकवलं. "त्या हातांनी माझ्या ताटात वाढायचा नाय," ते म्हणाले. त्याच आठवड्यात मुलगा गेला. इथवरची गोष्ट त्यांच्या अल हैल वस्तीतल्या अर्ध्या कोकणी घरांना ठाऊक होती.

पुढची फक्त सिराजला ठाऊक होती. रय्यान त्या रेस्टॉरंटात लागला त्या वर्षी ईद झाल्यावर हसनमियाँ ऑफिसात आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "डेन्मार्क. दोघांचा. चांगल्यातला चांगला. बाप म्हणून त्याच्या दारात उभा ऱ्हायचा नाय मना. गिऱ्हाईक म्हणून जाईन. गिऱ्हाइकाला तो नको म्हणू शकत नाय. तो वाढील, मी खाईन. झाला." वजीराला ऐन वेळी सांगू, असंही म्हणाले.

सिराजनं सगळं बांधून दिलं. व्हिसाच्या तारखेला आठ दिवस असताना फोन आला, "खलास, सिराज. रद्द कर." दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. ईद झाली की हसनमियाँना डेन्मार्क आठवायचं आणि महिनाभरात पाय मागे यायचा.

चौथ्या वर्षी जे झालं ते सिराजच्या हातून झालं. ट्रॅव्हलच्या धंद्यात एक रीत आहे. युरोपच्या व्हिसासाठी हॉटेलं आणि तिकिटं दाखवावी लागतात, म्हणून ती गिऱ्हाइकाच्या नावावर धरून ठेवायची, आणि त्याचा होकार आला नाही तर मुदत संपायच्या आत सोडून द्यायची. सिराज दर गुरुवारी दुपारी अशी यादी घेऊन बसे आणि एकेक सोडत जाई. सोडण्याआधी गिऱ्हाइकाला एक फोन करायचा, हाही रीतीचाच भाग. त्या गुरुवारी यादीत हसनमियाँचं नाव आलं. सिराजनं विचार केला, रद्दच तर करणार आहेत. फोन करून उगाच बिचाऱ्यांना ओशाळं कशाला करायचं? त्यानं हॉटेल सोडलं, टेबलही सोडलं.

रविवारी सकाळी हसनमियाँ आले ते दाढी कोरून, दोघांचे पासपोर्ट आणि फोटो घेऊन. "या टायमाला जायचा," म्हणाले.

टेबल केव्हाच दुसऱ्या कुणाचं झालं होतं. इतक्या वर्षांत एका गिऱ्हाइकाची तक्रार साहेबापर्यंत गेली नव्हती, आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक दोस्त होतं. "तिकडूनच रद्द झालाय, हसनमियाँ," तो म्हणाला.

हसनमियाँनी दोन्ही पासपोर्ट परत खिशात ठेवले. मग म्हणाले, "नाव वाचला असेल त्यानं. बापाचा नाव वाचून नको म्हणाला असेल. बरोबर हाय. मी पण तेच केला होता."

त्या वेळी एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. सिराज भ्याला. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता थंडी आली आणि हसनमियाँ हृदयविकारानं गेले. अमरातच्या कब्रस्तानात सिराजनं त्यांच्यावर तीन मुठी माती टाकली. ते वाक्य त्याच्यापाशीच राहिलं.

महिन्याच्या पहिल्या तारखेला मस्कतच्या दुपारी बारा वाजता त्या रेस्टॉरंटचं बुकिंग उघडायचं होतं. सिराज पावणेबारापासून माउसवर हात ठेवून बसला होता. शेजारच्या काउंटरवरचा धनंजय, चिपळूणचा आणि त्याच्याच वयाचा, सारखा वाकून बघत होता. बारा वाजून चार मिनिटांनी टेबल मिळालं, दुपारच्या जेवणाचं. एकट्या माणसाला तिथं टेबल देत नाहीत, म्हणून दोघांचं घ्यावं लागलं. सिराजनं भाबींना फोन करून दुसरं नाव विचारलं.

"दुसरा नाव नको," त्या म्हणाल्या. "खुर्ची असू दे."

जेवायच्या सुट्टीत सिराजनं धनंजयला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. धनंजय घास हातात धरून ऐकत राहिला.

"हे बघ सिराज, मिळालं ना टेबल? मायलेक भेटतील, रडतील, मोकळे होतील. तू कशाला मध्ये पडतोस? तुझं एक वर्ष राहिलंय नोकरीचं."

"तो पोरगा विचारतोय रे."

"मग तेवढंच सांग. बापानं नाव काढलं होतं, यायचं म्हणत होता. खोटं नाही ना ते? तुझं कशाला घालतोस त्यात?"

सिराजला तो तोडगा दोन दिवस फार बरा वाटला. पण तो घोकून बघताना दर वेळी पुढचा प्रश्न यायचाच. यायचं म्हणत होते, तर आले का नाहीत? या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या मस्कतमध्ये फक्त त्याच्याकडे होतं.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर तो अल हैलला गेला. बगलेत फाइल होती. वजीराभाबींनी सांदणं आणि कोलंबीचं कालवण केलं होतं. तो टेकतो न टेकतो तोच त्यांनी ताट पुढं ठेवलं.

"आधी ऐका, भाबी," तो म्हणाला. "मग मी जेवतो."

त्यानं फाइल उघडून समोर ठेवली. वरच हसनमियाँच्या ठसठशीत मराठी अक्षरातला कागद होता. भाबींनी चष्मा लावला आणि हळूहळू मोठ्यानं वाचू लागल्या. "हॉटेलला लिफ्ट पाहिजे, वजीराचे गुडघे. म्युझियममध्ये बसायला बाक आहेत का विचारणे. ऑपेरा नको, वजीरा घोरेल." त्या खुदकन हसल्या. "समुद्र दिसला पाहिजे. जेवण मासळीचंच. मुलाला सांगू नये. त्यानं स्वतः वाढलं तर..." पुढे काही लिहिलेलं नव्हतं. भाबींचा आवाजही तिथंच थांबला.

"ह्यांनी लिवलाय?"

"होय. चार वर्षं येत होते. तीन वेळा रद्द केलानी. चौथ्यांदा पासपोर्ट घेऊन आले."

"मग गेले का नाय?"

सिराजनं सांगितलं. गुरुवारची यादी सांगितली, न केलेला फोन सांगितला, आपण काय खोटं बोललो ते सांगितलं, आणि त्यावर हसनमियाँ काय म्हणाले तेही, एक शब्द न गाळता सांगितलं. सांगताना तो ताटातल्या कालवणावर साय धरत होती तिकडे बघत होता. भाबींकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

"म्हणजे ह्यांना वाटला, पोरानं नको म्हटला."

"होय."

"आणि पोराला वाटतोय, बापानं."

"होय, भाबी."

"ह्यांच्या चाळिसाव्या दिवसाला तुमी माझ्या घरात जेवून गेलाव, सिराजभाय. मी स्वतः वाढला तुमाला."

भाबींनी चष्मा काढून ठेवला. मग त्याच्या पुढ्यातलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेलं. आत नळ बराच वेळ वाहत राहिला. कोकणी घरात भरल्या ताटावरून माणसाला उठवत नाहीत, शत्रूलाही नाही. सिराज खाली मान घालून बसून राहिला. आपल्या वाट्याला हे यायला हवंच होतं, असं त्याला मनापासून वाटलं.

भाबी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. "फाइल ऱ्हाऊ दे. मी घेऊन जाणार. रय्यानला सगळा सांगणार, तुमचा नाव घालून सांगणार."

"घाला, भाबी."

"आणि आता तरी रद्द करू नका," त्या म्हणाल्या. "या तुमी."

त्यानंतर त्या ऑफिसात आल्या नाहीत. व्हिसा लागला. सिराजनं विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली, प्रत्येक म्युझियमला बाकांचं विचारून घेतलं, रेस्टॉरंटला सगळं मासळीचं आणि वाइनशिवाय असं दोनदा लिहून कळवलं. कागद द्यायला तो स्वतः अल हैलला गेला. भाबींनी दारातच पाकीट घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत. दर गुरुवारी यादीत त्यांचं नाव दिसलं की सिराज माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवी.

टेबलाचा दिवस मंगळवार होता. तिथले बारा म्हणजे मस्कतचे दोन. एक वाजता सगळ्यांनी डबे उघडले. सिराजनं आपला उघडला नाही.

"उपास कसला?" धनंजयनं विचारलं. "रमजान होऊन गेला की."

"भूक नाय."

दोन वाजले, तीन वाजले. अस्रची, तिसऱ्या प्रहरची नमाज पढून तो परत खुर्चीत येऊन बसला. डबा टेबलावर तसाच होता. मनात नाही नाही ते येत होतं. भाबी गुडघ्यामुळे जिन्यातच अडल्या असतील. पोरानं फाइल वाचून भिरकावली असेल. दारावरच्या माणसानं यादीत नाव नाही म्हणून सांगितलं असेल. चार वाजता त्यानं रेस्टॉरंटचा मेल परत उघडून तारीख वाचली. तारीख बरोबर होती.

सवापाचला फोन वाजला. भाबींनी बोलून रेकॉर्ड केलेला निरोप होता. सिराज उठून मागच्या पॅसेजमध्ये गेला आणि त्यानं फोन कानाला लावला. मागे कुठेतरी ताटल्या एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता.

"टेबल होता, सिराजभाय," वजीराभाबी हळू आवाजात म्हणाल्या. "पहिला ताट घेऊन तोच आला. मना बघून तिथंच थांबला. मग सगळा त्यानंच वाढला, शेवटपर्यंत, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाय. आता लोका गेली. समोरच्या खुर्चीत बसलाय. ह्यांचा कागद वाचतो हाय. कितव्यांदा वाचतो हाय, अल्लाला म्हायती."

मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. निरोप संपला असं सिराजला वाटलं.

"तुमी जेवलाव काय?" भाबींनी विचारलं, आणि निरोप तिथं संपला.

सिराज आपल्या खुर्चीत येऊन बसला. त्यानं डबा पुढे ओढला आणि झाकण काढलं. भात गार झाला होता. तो सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवला.