वारं आलेला ट्रॅक्टर

धसईजवळच्या पाड्यावर महादूच्या जुन्या ट्रॅक्टरच्या अंगात देवी आली होती. पुढे बसवलेल्या जुनाट लोडरची बकेट वर नेली की ती थरथरायची आणि इंजिन बंद केलं की शेंदराच्या दगडापुढे हळूहळू वाकायची. अख्खा पाडा हात जोडून उभा.

"बगा, लोखंडाला वारं आलंय!" लखमा भगत किंचाळला. "तापाची पोरं बकेटखाली निजवा. देवी खाली येल, ताप जाल!"

बकेटच्या दांड्यावरून ओघळणारं काळपट तेल तो तीर्थ म्हणून कपाळांना फासत होता. देवीच्या तीर्थाला गॅरेजचा वास का येतो, हे विचारायची कुणाला शुद्ध नव्हती.

शहापूरला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकणारी कुणाली घरी आली, तर वहिनी वर्षा सहा महिन्यांच्या फणफणलेल्या लेकीला घेऊन रांगेत पहिली. कुणाली धावत पुढे झाली.

"वयनी, पोर दे इकडे! भगतकाका, आधी तुमी निजा बकेटखाली."

"मी? माझ्या अंगात हाय ना देवी," लखमा दोन पावलं मागे सरला.

"बरं. महादूकाका, ट्रॅक्टर उलटा फिरवा."

महादूने फिरवला. आता समोर पाड्याचा उकिरडा. बकेट वर गेली, थरथरली आणि इंजिन बंद होताच तितक्याच भक्तिभावाने शेणाच्या ढिगाला नमस्कार घालत खाली आली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"वारं आलंय, हे कुणी सांगितलं?" कुणालीने विचारलं.

महादू ओशाळला. "मुरबाडचा फिटर बोलला, तेलात वारं धरलंय. मी भगताला तेच सांगितलं."

"अहो, वारं म्हणजे हवा! तेल अडवणारं रबरी सील झिजलंय, तेल गळतंय. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, म्हणून थरथर. इंजिन बंद झालं की गळक्या सीलातून दाब उतरतो नि बकेट आपल्याच वजनाने खाली बसते. तेलाचा पाइप फुटून बकेट धाडकन पडली असती तर वयनी, तुझी पोर राहिली असती का गो?"

वर्षाला रडू फुटलं. तिने पदराने लेकीच्या कपाळावरचं तेल खसाखसा पुसलं. महादूने मोटारसायकल काढली आणि दोघींना दवाखान्यात नेलं. लखमाही निघाला. देवीला विसरला, तिला वाहिलेल्या नारळांची गोणी तेवढी विसरला नाही.

मंडळी, चमत्कार दिसला तर हात नंतर जोडा. आधी एकदा त्याचं तोंड उकिरड्याकडे फिरवून बघा.