रोज चाळीस वेळा मरणारा कोंबडा

मित्रांनो, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, कोणीच ठेवत नाही. पण मी दिवसातून चाळीस वेळा मरतो आणि संध्याकाळी दाणे टिपायला पुन्हा हजर असतो. खांडबाऱ्याजवळ दानियलच्या अंगणात राहणारा मी एक म्हातारा कोंबडा. आमच्या जातीत म्हातारपण येतच नाही, तेव्हा अर्धी गोष्ट तर इथेच खोटी वाटेल.

तरणा होतो तेव्हा माझा तुरा एवढा लाल, की नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी भाव विचारून गेले. त्याच वर्षी नाताळसाठी माझी नेमणूक झाली. नेमणूक म्हणजे रस्सा.

आणि त्याच वर्षी या घराला व्हिडिओ गेम बनवायचं वेड लागलं. मुलगी रिबेका कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिने जुना लॅपटॉप आणला. गेम असा, की एका कोंबड्याने टोपलीखालून सुटायचं. अंगण, बाजार, रेल्वेचे रूळ ओलांडायचे. सापडला की हंडीत. कोंबड्याचं चित्र तिची आई एस्तेरने काढलं, मला पुढ्यात बसवून. आवाज भरायचं काम बापाकडे, दानियलकडे.

"बाबा, याचा आवाज मिळेपर्यंत सुरी लावायची नाही," रिबेकाने बजावलं.

मी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून मौन धरलं. पहाटे गावभर कोंबडे आरवायचे, मी चोच मिटून. दानियल मोबाइल धरून माझ्यापुढे उकिडवा बसायचा. "बोल ना रे राजा! एकदाच!"

"जावयाचीसुद्धा कोणी इतकी मनधरणी करत नाही," एस्तेर म्हणायची.

बावीस दिवस तग धरला. तेविसाव्या दिवशी दानियल वैतागला. मोबाइल स्वतःच्याच तोंडापुढे धरून असा आरवला, की शेजारचे दोन कोंबडे भांडायला आले. आवाज मिळाला. माझी गरज संपली. नाताळ परवावर होता.

दुसऱ्या दिवशी रिबेकाने गेम आईच्या हाती दिला. एस्तेर म्हणजे बोलता बोलता कोंबडी धरणारी बाई. पण पडद्यावरचा मी हंडीत पडलो की तीच ओरडायची, "अगं, गेला! परत लाव, परत!" चूल विझली तरी उठली नाही. "पळ रे, पळ! डावीकडे!"

नाताळच्या सकाळी मी टोपलीखाली. बाहेर दानियल सुरीला धार लावत होता. एस्तेर आली, वाकली, टोपली उचलली आणि हळूच म्हणाली, "पळ."

"धरला का गं?" दानियलने विचारलं.

"सुटला हातातून."

त्या नाताळला पाहुण्यांनी उडदाची डाळ खाल्ली.

आता गावातली पोरं मोबाइलवर मला रोज मारतात आणि रोज उठवतात. मित्रांनो, गेममधल्या कोंबड्याला पुन्हा जीव मिळतो, मला एकच आहे. ज्याचं चित्र काढलंत, त्याला काम संपल्यावरही सांभाळा. सुटकेचा तो श्वास मी अजून विसरलो नाही. बाणासारखा निघालो! कुंपण, बाजार, रूळ एका दमात पार. सुरतेची गाडी मला वाट द्यायला थांबली, गार्डने झेंडा...

"कसला बाण!" शेजारी माती उकरणारी काळी कोंबडी मान वर करून म्हणाली. "डोळे मिटून बसला होतास. तीनदा 'पळ' म्हणाली ती. शेवटी मागून ढकललं तेव्हा हललास. आणि गेलास कुठं? माझ्या खुराड्यात! दोन दिवस माझ्या अंड्यांवरून उठला नाहीस!"