लाकडाखालचं साल

मी एक जुनी रायफल आहे. अहो, दचकू नका, मित्रांनो! माझ्या पोटात आता गोळी नाही, आणि होती तेव्हाही ती तुमच्या अर्ध्या करंगळीएवढीच असायची. मला रिमफायर म्हणतात. म्हणजे माझी पिन काडतुसाच्या मधोमध नाही, त्याच्या कडेवर ठोका देते. एवढं सोडलं तर बढाई मारावी असं माझ्यात काही नाही. त्या कामाला आमच्याकडे काका होते.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडी दांड्याला आरपार भोक पाडून माझी नळी केली, अक्रोडाच्या लाकडातून दस्ता कोरला आणि नळीवर कारखान्याचं नाव आणि १९०७ हा आकडा ठोकला. हे माझं जन्मसाल नव्हे बरं का. माझ्या खटक्याची युक्ती कुणीतरी त्या साली शोधून तिचं पेटंट घेतलं होतं. पुढे कितीतरी वर्षं आम्हा सगळ्या बहिणींच्या अंगावर तोच आकडा पडत राहिला. आम्ही पडलो स्वस्तातल्या, त्यामुळे आम्हाला वेगवेगळे नंबर द्यायची तसदी कुणी घेतली नाही.

पुष्कळ हात बदलून मी जुन्या बाजारात आले आणि तिथे मला आबा भेटले. आबा धान्याच्या गोदामाचे राखणदार होते. तिथले उंदीर म्हणजे मांजराएवढे! पोती कुरतडून कुरतडून त्यांनी उच्छाद मांडला होता. आबा मला घेऊन पोत्यांच्या थप्पीवर तासन्‌तास निश्चल बसत. नेम धरताना ते श्वास रोखत आणि नेम लागला की हळूच म्हणत, "शाब्बास गं बाई." ही शाब्बासकी मी तीस वर्षं ऐकली. एवढं सुख किती जणींच्या वाट्याला येतं?

आबांचं एकच चुकलं, आणि तेही मायेपोटी. दर रविवारी ते मला पॉलिश पेपरने लख्ख घासत. घासता घासता कारखान्याचं नाव पार पुसलं गेलं. आकडा तेवढा खोल ठोकलेला होता, म्हणून तो राहिला.

त्या आकड्यानेच पुढे घोळ घातला. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, बँकेत हेडक्लार्क. पाहुणे आले की ते मला हातात घेत आणि सुरू होत, "ही १९०७ची! आमच्या आजोबांची. मोठे शिकारी होते ते." पुढे रिकामाच चाप ओढून ते 'खट्ट' असा आवाज काढून दाखवत. रिकामी असताना माझी पिन थेट नळीच्या काठावर आपटते, काठाला खळगा पडतो. पण काकांना सांगणार कोण? आबा कोपऱ्यात बसून नुसते हसत. आजोबांच्या घरात बंदूकच काय, साधी गुलेलही नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

गेल्या वर्षी आबा गेले. त्यांची मुलगी, आमची ताई, शिवणकाम करते. मला आपल्या नावावर करून घ्यायला ती परवान्याच्या कार्यालयात गेली. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, पण नियमाला पक्क्या.

"कारखाना कुठला, साल कुठलं, आधी कुणाची होती, सगळं लागेल. तज्ज्ञाचा दाखलाही जोडा. ओळख पटली तर नवा नंबर मिळेल. महिनाअखेरपर्यंत नाही जमलं, तर ही भट्टीत जाईल," त्या म्हणाल्या.

भट्टी हा शब्द ऐकला आणि माझी नळी गार पडली.

फॉर्म अर्थातच काकांनी भरला. साल १९०७, मूळ मालक आजोबा, खाली झोकदार सही. मला बंदुका दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या दुकानात जमा केलं.

उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भिंगातून मला न्याहाळलं. सगळ्यात आधी त्यांनी नळीच्या काठावरून नख फिरवलं. "रिकामा चाप कोण ओढायचं हिचा?"

काका छताकडे बघायला लागले.

"आणि दस्त्याच्या टोकाची ही पट्टी बघा. १९०७ साली असं प्लास्टिक कुठलं? हा आकडा पेटंटचा असणार."

"मग खरं साल कळायचं कसं?" काका गुरगुरले.

ताई पुढे वाकली. ती म्हणाली, "उस्ताद, आतून बघा ना. जुन्या कपड्याचा रंग वरून विटलेला असतो, पण शिवण उसवली की आत जसाच्या तसा सापडतो."

"तेच करतोय, बेटा." उस्तादांनी एकच स्क्रू काढला आणि मला लाकडातून अलगद उचललं. जिथे आबांचा पॉलिश पेपर कधी पोचलाच नव्हता, तिथे नळीच्या पोटावर दोन अक्षरं आणि एक छोटा शिक्का स्वच्छ उमटलेले होते. उस्तादांनी आपलं जाडजूड पुस्तक उघडून खुणा जुळवल्या. कारखाना सापडला, सालही सापडलं: १९३४.

ताईने टाळीच वाजवली. काकांचा चेहरा मात्र पडला, कारण आजोबा वारले १९२० साली.

"पुस्तक चुकलं असेल. दाखल्यावर १९०७च लिहा," काका म्हणाले.

"खोटा दाखला मी देत नाही."

"अहो, अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय मी! सही केलीय! आता माघार घेतली तर नाक कापलं जाईल माझं!"

ताई काकांसमोर येऊन उभी राहिली. "काका, हिच्या दस्त्याला आबांचा गाल टेकायचा. ती भट्टीत गेली तर मला सहन नाही होणार. तुमचं नाक मोठं की आबा?"

काका तरातरा निघून गेले. त्यांनी सही केलेला फॉर्म त्यांनीच बदलायला हवा होता आणि महिना संपायला चारच दिवस उरले होते. तीन दिवस ते फिरकलेसुद्धा नाहीत. मी आशा सोडली होती.

शेवटच्या दिवशी उस्ताद आणि ताई मला घेऊन कार्यालयात पोचले, तर बाकावर काका आधीच बसलेले. चेहरा उतरलेला, हातात कोरा फॉर्म.

मॅडमनी विचारलं, "साल?"

"एकोणीसशे चौतीस. आधीचं खोडा, मी चुकलो."

"आधी कुणाची होती?"

काकांनी फॉर्म मॅडमपुढे सरकवला. "माझ्या थोरल्या भावाची. गोदामाचा राखणदार होता तो, उंदीर मारायचा हिने. आम्हाला आईवडील नव्हते, मॅडम. त्याच्या पगारावर मी शिकलो, बँकेत लागलो. मग चारचौघांत उंदीर मारणारा भाऊ सांगायची लाज वाटायला लागली, म्हणून शिकारी आजोबा उभे केले. त्याने ऐकलं सगळं, पण एका शब्दाने कधी टोकलं नाही मला."

मॅडमचं पेन थांबलं. "एवढं सगळं लिहायचं?"

"रकान्यात मावेल तेवढं लिहा," काका म्हणाले आणि रडायला लागले. ताईने त्यांचा हात धरला.

मित्रांनो, मी आता ताईच्या कुलूपबंद कपाटात असते. महिन्यातून एकदा ती मऊ फडक्यावर थेंबभर तेल घेऊन मला पुसते, घासत नाही. उस्तादांचे, मॅडमचे, ताईचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि सगळ्यात जास्त काकांचे. आता पाहुणे आले की ते माझा चाप ओढत नाहीत. "माझ्या भावाची आहे," एवढंच म्हणतात.

माझ्यासारखीला तुम्ही हात लावू नका, ते मोठ्यांचं काम. पण तुमच्या घरातली कात्री, घड्याळ, पेटी, जे काही जुनं असेल ते जपा. त्यावर कुणाचे हात फिरले ते विचारा आणि आहे तसं सांगा, ते माणूस ऐकायला समोर आहे तोवर. काकांचे ते तीन शब्द ऐकायला आबा हवे होते.