कस्तुराबाईची मोळी

परभणीहून पाथरीकडं निघालं, की डाव्या हाताला विसराळू म्हाताऱ्यांचा आश्रम लागतो. तिथल्या कस्तुराबाईच्या गाठीपुढं पोलिसांची बेडी म्हणजे रेशमाचा दोरा. जन्मभर ऊसतोडीत मोळ्या बांधलेली बाई! आता ऊन कललं, की चादरी, उशा, टॉवेल, हाताला लागेल ते बांधत सुटायची. एकदा तर झोपलेले महारुद्रकाका गादीसकट बांधले. सोडवल्यावर काका म्हणाले, "अशी झोप लग्नाआधी लागली होती!"

म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या दैवशालाला मात्र हसू येत नव्हतं. संध्याकाळी सगळे म्हातारे तिच्या एकटीवर. ती मोळी हिसकून घ्यायची, कस्तुराबाई किंचाळत अंगावर धावायची. मग 'गरज पडल्यास' म्हणून लिहून दिलेली शांत करायची गोळी. गरज रोजच पडायची. लेक सविता वालूरहून यायची आणि झोपलेल्या आईचे पाय चेपून परत जायची. "रविवारी तरी माय जागी दिसू द्या," एवढंच म्हणून गेली होती.

तपासणीला आलेल्या डॉक्टर सुकेशनी मॅडमनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट पाहिलं. "दैवशालाताई, रोज गरज पडली? कुणाला?"

"खरं सांगू का मॅडम? मलाच."

मॅडम रागावल्या नाहीत. "मावशी आधीच झोकांड्या खातात, पडल्या म्हणजे? आता मला विचारल्याशिवाय गोळी नाही. संध्याकाळी दुसरी बाई द्यायला सांगते. तोवर त्यांना अडवू नका, नुसतं बघा."

रविवारी दैवशालानं धुवायच्या चादरी पुढ्यात टाकल्या आणि हात बांधून उभी राहिली. कस्तुराबाईनं मोळी आवळली, डोक्यावर घेतली, दारापर्यंत गेली आणि कावरीबावरी झाली.

"गाडी कुटं हाय? आगं, गाडी कुटं हाय?"

आवाज चढायला लागला. दैवशालाची नजर सवयीनं औषधाच्या कपाटाकडं गेली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. आजवर म्हातारीची एकही मोळी कुणी गाडीवर पडू दिली नव्हती.

तिनं जेवणाची ढकलगाडी ओढत आणली. "ही काय मावशी! मुकादम कवाचा वाट बघायलाय."

एकेक मोळी बांधून होईल तशी गाडीवर धपाधप पडू लागली. तेवढ्यात सविता दारात येऊन थबकली. म्हातारीनं तिला न्याहाळलं. ओळखलं का नाही, तिचं तिलाच ठाऊक. एक मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली.

"बघतीस काय भवाने? गाडी उभी हाय!"

सविता हसत, डोळे पुसत मोळी घेऊन निघाली. गाडी भरली तशी कस्तुराबाई पायरीवर टेकली. "लय काम झालं. च्या आना."

आतून महारुद्रकाकांची तक्रार आली, "आवो बाई, मला बांधायचं राह्यलं की!"