सरासरी बारा टक्के

खाणीत सगळे तिला वहिनीच म्हणत. खरं तर ती एकट्या मीटरची वहिनी. तो तिचा सख्खा धाकटा दीर. पण पहिल्याच दिवशी त्यानं कंट्रोल रूमच्या दारातून "वहिनी, तुमचा डबा घरीच राहिला!" अशी आरोळी ठोकली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिच्या वडिलांच्या वयाचे फोरमनसुद्धा तिला वहिनी म्हणायला लागले. दिराला मीटर म्हणायचे, कारण जमिनीखालचे सगळे सेन्सर तोच लावायचा. शिवाय कुणी चिडलं की त्याच्या छातीला कान लावून "काटा वर चाललाय हं!" असं म्हणायची त्याला खोड होती. साहेबांनाही त्यानं एकदा सोडलं नव्हतं.

तिचं काम वर, त्याचं खाली. खाली प्रत्येक बोगद्यात वायू मोजणारे सेन्सर, छताचे हादरे मोजणाऱ्या पेट्या आणि कॅमेरे. हे सगळे क्षणाक्षणाला माहितीचे तुकडे वर पाठवायचे. वहिनीच्या खोलीतला सर्व्हर आपल्या नेटवर्क कार्डातून ते आत घ्यायचा आणि भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाचा चौकोन रंगवायचा. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे पळा. अर्धा मिनिट काहीच आलं नाही तर राखाडी. राखाडी म्हणजे सेन्सर मेला, मीटरनं खाली जाऊन बदलायचा, असा खाणीचा नियम होता.

यंदा शेकडो नव्या पेट्या आणि कॅमेरे बसले, आणि तेव्हापासून चौकोन राखाडी व्हायला लागले. आज चार नंबरच्या बोगद्यात, उद्या अकरामध्ये. मीटर बिचारा खाली जायचा, सेन्सर काढायचा, नवा लावायचा आणि जुना वर आणून तपासायचा. जुना ठणठणीत!

"वहिनी, हे कार्टं खाली मेल्याचं सोंग घेतं आणि वर आणलं की शहाण्यासारखं वागतं," तो एकदा टेबलावर सेन्सर आपटत म्हणाला. "तुमच्या सर्व्हरचीच काही भानगड नाही ना? जरा बघा की."

वहिनीनं बघितलं. बघितलं म्हणजे काय, सर्व्हरवर किती भार आहे तो आकडा उघडला. बारा टक्के. तिला हसूच आलं.

"भावजी, माझा सर्व्हर तंगड्या पसरून लोळतोय. तुमच्याच जोडण्या ढिल्या असणार. जरा जोर लावून आवळत जा."

"आवळतो हो," तो म्हणाला. हसला, पण तोंड उतरलं होतं. स्वतःच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला सहन व्हायचं नाही.

चार दिवसांनी साहेबांनी लेखी मागितलं. तिनं लिहून दिलं: सर्व्हरवर सरासरी भार बारा टक्के, सर्व्हरमध्ये दोष नाही, दोष सेन्सरच्या जोडणीत असावा. खाली झोकात सही ठोकली. तो कागद हातात धरून साहेबांनी मीटरला चाळीस माणसांसमोर झापलं. वहिनी काचेपलीकडून बघत होती. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मनात म्हणाली, काम नीट करायला काय होतं? आपला तो आपला, म्हणून काय खोटं लिहायचं?

चोविसावा राखाडी चौकोन नऊ नंबरच्या बोगद्याचा होता. तिथलं काम महिन्यापूर्वीच थांबलेलं, तिकडे चिटपाखरूही फिरकत नव्हतं. पण नियम तो नियम. सकाळी सव्वादहाला मीटर एकटा नवा सेन्सर घेऊन गेला, आणि दहा पन्नासला नऊ नंबरचं छत खाली आलं. त्याला बाहेर काढायला दोन दिवस लागले.

घर बसलं. दुसरा शब्द नाही. वहिनीचा नवरा धाकट्या भावाचे बूट मांडीवर घेऊन तासन् तास बसायचा. धाकटी जाऊ कुणाशी बोलायचीच नाही. घरात रडं नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

तेराव्या दिवशी वहिनी कामावर गेली तर साहेबांनी चौकशीचा मसुदा पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं, की सेन्सरची जोडणी निष्काळजीपणानं केल्यामुळे संबंधित कर्मचाऱ्याला वारंवार खाली जावं लागलं आणि अपघातास तो स्वतः जबाबदार आहे. पुरावा म्हणून तिचाच कागद जोडला होता. तिचीच ती झोकदार सही.

"परवा चौकशीचे अधिकारी येतायत. तेवढं हो म्हणा," साहेब म्हणाले. "आणि हे नऊ नंबरमध्ये सापडलं. कुठे नोंद करायची ते बघा."

हादरे मोजणारी पेटी होती ती. चेपलेली, मातीनं भरलेली. अशी पेटी जे पाठवते ते स्वतःजवळही ठेवते. वहिनीनं ती पुसली, उघडली, जोडली आणि वाचायला घेतली. दहा एकोणचाळीसला पेटीनं इशारा पाठवला होता: छत हलतंय. दहा चाळीसला परत. एकेचाळीसला परत. अकरा मिनिटं ती मुकी पेटी जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

वहिनीनं सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या. दहा एकोणचाळीस, काही नाही. चाळीस, काही नाही. पेटीनं पाठवलं, वर पोचलं नाही, मग गेलं कुठे?

आता तिनं खरं बघितलं. तिच्या सर्व्हरला आठ कोर होते, म्हणजे काम करणारी आठ डोकी. तिनं आठांचा भार वेगवेगळा उघडला. पहिला कोर शंभर टक्के. दुसरा शून्य. तिसरा शून्य. आठव्यापर्यंत शून्यच. शंभराला आठांनी भागलं की साडेबारा. टपाल कचेरीत आठ कारकून बसवावेत, खिडकी एकच उघडावी, आणि रांग दारापर्यंत जात असताना वहीत लिहावं की कचेरीला काही काम नाही, तसला हा प्रकार. नेटवर्क कार्डाला आठ रांगा होत्या, पण उघडी एकच, आणि ती पहिल्या कोरच्या गळ्यात बांधलेली. रांग भरली की मागून येणारे तुकडे कार्ड सरळ टाकून देत होतं. किती टाकले त्याचा आकडाही कार्ड मोजत होतं. तो कोट्यवधींत होता. तो आकडा तिनं एकदाही उघडला नव्हता.

एकच रांग कुणी ठेवली होती? तिनंच. पाच वर्षांपूर्वी, खाली सगळे मिळून चाळीस सेन्सर होते तेव्हा.

तिनं आठही रांगा उघडल्या आणि एकेक रांग एकेका कोरला नेमून दिली. पडद्यावरचे सहा राखाडी चौकोन एकामागून एक हिरवे झाले. कुणीही खाली गेलं नाही, कुणी काही आवळलं नाही. वहिनी तोंडावर पदर दाबून टेबलाखाली बसली आणि हमसून हमसून रडली.

साहेबांना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"वहिनी, तुम्ही लिहिलेला आकडा खोटा होता का? नाही ना? मग झालं! कोर, रांगा, हे कुणाच्या बापाला कळणार आहे? आणि माणूस तुमच्याच घरचा होता. घरचं घरात राहू द्या. गेलेला काही परत येत नाही."

"येत नाही," वहिनी म्हणाली. "पण जाताना तो निष्काळजी नव्हता."

परवाच्या चौकशीत तिनं चेपलेली पेटी टेबलावर ठेवली, शेजारी आठ कोरांचा कागद, शेजारी तपासून चांगले निघालेले तेवीस सेन्सर. अधिकाऱ्यांनी तीनदा समजावून घेतलं. शेवटी त्यातल्या वयस्क बाईंनी विचारलं, "म्हणजे दोष कुणाचा?"

"माझा. त्यानं मला बघायला सांगितलं होतं, आणि मी सरासरी बघितली."

मसुद्यातलं मीटरचं नाव तिच्यादेखत खोडलं गेलं. तिला त्याच दुपारी कामावरून काढलं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. नवऱ्याला तिनं सकाळीच सांगितलं होतं, आणि तो चपला घालून बाहेर गेला होता. आता उरली होती धाकटी जाऊ.

जाऊ ओट्यापाशी भांडी पुसत होती. वहिनीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एक कोर, सात रिकामे, अकरा मिनिटं, तो कागद, ती सही. काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही.

जाऊनं ताट खाली ठेवलं. "दुरुस्त करायला किती वेळ लागला, ताई?"

"चार मिनिटं."

"आणि ते वर आणायचे ते सेन्सर?"

"सगळे चांगले होते. त्याचं काहीच चुकलं नव्हतं."

वहिनीला वाटलं, आता ही ओरडेल, अंगावर धावून येईल. तिला तेच हवं होतं. पण जाऊ पाटावर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"रोज जेवताना म्हणायचे," ती म्हणाली. "माझ्या जोडण्या पक्क्या आहेत गं, दोष वरच आहे. त्या दिवशी तर जायलाच तयार नव्हते. म्हणाले, आज साहेबांना तोंडावर सांगतो, सर्व्हर पुन्हा तपासा." तिनं वर बघितलं. "मीच म्हटलं, वहिनींनी बघितलंय ना? मग तुमचंच काहीतरी चुकत असेल. गुपचूप जा आणि नीट आवळून या."