पाठीमागचा टँकर

चष्म्याच्या दुकानात बसून बाईंनी बावीस वर्षं लोकांचे डोळे तपासले होते. समोरच्या पाटीवरची कोण कुठली ओळ कशी वाचतो, यावरून माणूस कसा आहे तेही त्यांना साधारण कळायचं. न दिसणारं अक्षर बिनदिक्कत ठोकून देणारे वेगळे, आणि चांगलं दिसत असूनही "बहुतेक" म्हणणारे वेगळे. बाईंना स्वतःला मात्र एक गोष्ट काही केल्या बघता येत नसे. सायकलवर बसलं की आपल्या मागे काय चाललंय ते.

मान मागे वळवली की त्यांचं हँडलही त्याच बाजूला वळायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकल्यावर दुसरं काय होणार? लहानपणी शिकलेल्या लोकांच्या मानेची आणि हातांची केव्हाच फारकत झालेली असते. बाईंचे अजून एकत्र नांदत होते. त्यामुळे मागून गाडीचा आवाज आला की त्या खांदे आवळायच्या, रस्त्याच्या अगदी कडेला सरकायच्या आणि जे काय असेल ते जाऊन एकदाचं सुटण्याची वाट बघायच्या.

दर रविवारी गावातले पंधरा-वीस हौशी सायकलवाले एकत्र निघत. त्यांच्यात बाईंचं नाव होतं 'शेपूट', कारण त्या कायम सगळ्यांच्या मागे. नाव ठेवलं होतं बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत. बाईंना त्याचा राग नव्हता. शेपूट नसलं तर ओळ संपली कुठे ते कळणार कसं, असं त्या उलट विचारायच्या.

या मंडळींची वर्षातून एकदा शंभर किलोमीटरची फेरी असे. रस्ता बंदबिंद काही नाही. नेहमीच्या गाड्या, ट्रक, बस यांच्यामधूनच जायचं आणि सात तासांत परत यायचं. गेल्या वर्षी एक्याऐंशीव्या किलोमीटरला मागे पडलेल्यांना गोळा करणारी व्हॅन आली, बाईंची सायकल टपावर चढली आणि बाई खिडकीकडे तोंड करून केळं खात घरी आल्या. त्या केळ्याची चव त्या विसरल्या नव्हत्या. यंदा सात तासांच्या आत, आपल्या पायांनी परत यायचंच, असं त्यांनी ठरवलं आणि दुकान उघडण्याआधी रोज पंचवीस किलोमीटर सराव सुरू केला.

सरावाच्या रस्त्यात एक जुना पूल लागे. अरुंद आणि मधे उंचवटा असलेला, त्यामुळे चढताना पलीकडून काय येतंय ते दिसत नाही. बाई पुलाशी पोचायच्या सव्वासातला, आणि नेमका तेव्हाच मागून डेअरीचा दुधाचा टँकर यायचा. म्हणजे आधी इंजिनाची घरघर यायची, मग हॉर्न. लांबलचक, दोन सुरांचा, समोरच्याची सात पिढ्यांची चौकशी करणारा. बाई जीव मुठीत धरून पायडल मारायच्या. जा बाबा पुढे, म्हणून हात करायच्या. पण टँकर काही पुढे जायचा नाही. घरघर मानेवर श्वास सोडल्यासारखी मागेच, आणि हॉर्न चालूच. पूल संपून रस्ता रुंद झाला की मग तो लांबून वळसा घालून पुढे निघायचा आणि चालकाच्या खिडकीतून एक हात वर व्हायचा. रोज. हा वर आणखी चिडवतोय, असं बाईंना वाटायचं.

टँकरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की चालकाबद्दल तक्रार असल्यास कळवा, आणि खाली पत्ता. असे चार महिने गेले. एका सकाळी पुलावर हॉर्न चार वेळा वाजला, बाईंचा पाय पायडलवरून निसटला आणि नडगी सोलवटली. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरोबांना पत्रं लिहायची दांडगी हौस. पाणी कमी आलं की पत्र, रस्ता खणला की पत्र. त्यांनी चहा गार होईपर्यंत लिहिलं आणि शेवटी 'मानसिक छळ' असेही शब्द घातले. एवढं काही नाही हो झालं, असं बाई म्हणाल्या. त्याशिवाय वाचत नाहीत, असा अनुभवी माणसाचा जबाब आला. खाली नाव नव्हतं, 'एक सायकलस्वार महिला' एवढंच. पत्र गेलं.

आठवड्याभरात टँकर बदलला. म्हणजे टँकर तोच, चालक दुसरा. तो पुलाच्या आधीच वाऱ्यासारखा निघून जायचा. बाई पहिल्या दिवशी खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी टँकर पुढे गेला, पुलावर चढून दिसेनासा झाला, आणि बाईंच्या मागे हॉर्न वाजला. लांबलचक, दोन सुरांचा.

टँकर तर पुढे गेला, मग हा कोण? एवढा विचार होईतो एक लाल मोटार त्यांना खेटून पुढे घुसली. समोरून उंचवट्यावर बस आली. मोटारीचा आरसा बाईंच्या कोपराला लागला, सायकल कठड्यावर आदळली आणि बाई तिच्यावर. बसवाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून पुढचं टळलं. मोटार थांबली नाही. तिचा हॉर्न पुलापलीकडेही ऐकू येत होता.

बाई कठड्याला टेकून बसल्या. कोपरातून रक्त येत होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. तो हॉर्न टँकरचा कधी नव्हताच. तो टँकरच्या मागच्या मोटारीचा होता, आणि वाजत होता तो टँकरवर. चार महिने त्या मोटारीच्या आणि आपल्या मध्ये कोणीतरी दुधाची भिंत उभी केली होती. ती आपण पाडली, आणि तीही चांगल्या अक्षरात.

त्यांनी डेअरीच्या कचेरीत फोन केला. चौकशी चालू आहे, बाहेरच्यांना काही सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. दोन दिवस बाईंना घास गोड लागला नाही. नवरोबांनीही कागद-पेन कपाटात ठेवून दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एक पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस आला. हातात डेअरीचा कागद. डेअरीच्या चालकांची दृष्टी यंदापासून बाईंकडे तपासली जायची होती, पण ती वर्षअखेरीला. बाईंनी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला आणि पाटीवरचा दिवा लावला. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचलं.

"खाली छापखान्याचं नाव आहे," तो म्हणाला, "तेही वाचू?"

असे डोळे महिन्यातून एकदा बघायला मिळतात. बाईंनी दुसरा डोळा झाकत सहज विचारलं, की मग मधेच तपासायला का पाठवलं?

"तक्रार आलीय. एका सायकलवाल्या बाईंची. साहेबांना वाटतंय, मला पुढचं दिसत नाही."

बाईंचा हात तपासणीच्या चष्म्याच्या चौकटीवर तसाच राहिला. तो आपला सांगत होता, रागाने नाही, दातदुखी सांगावी तसा. टँकर त्या पुलावर येतो तेव्हा अर्धाच भरलेला असतो. अर्धं दूध आत हिंदकळतं. ब्रेक मारला की गाडी थांबते पण दूध थांबत नाही, ते मागून ढकलतं. तेव्हा पुलावर कुणाला ओलांडून जायचं नाही, हे त्याचं जुनं ठरलेलं. त्यात या बाई. त्या हात करायच्या, पुढे जा म्हणून, अगदी चौकातल्या पोलिसासारख्या. त्यांना काय दिसतंय? उंचवट्यापलीकडून काय येतंय ते वर बसलेल्या त्याला दिसायचं. म्हणून तो मागे राहायचा, आणि मागच्यांनी मधे घुसू नये म्हणून टँकर रस्त्याच्या मधोमध ठेवायचा. मागचे हॉर्न मारायचे, शिव्या घालायचे. एका लाल मोटारवाल्याने तर, टँकर रोज पूल अडवतो, अशी तक्रारच केली. ती पहिली. ही दुसरी.

"एकाला पुढे जाऊ देत नाही, आणि एकीच्या मागे लागतो," तो म्हणाला. "दोन्ही माझ्याच फायलीत."

आता त्याला टाक्या धुवायच्या कामावर ठेवलं होतं. गुरुवारी चौकशी. दोष लागला तर गाडी कायमची गेली. सव्वीस वर्षं तो दुसरं काही शिकला नव्हता.

बाईंना त्याच्याकडे बघवेना. त्या भिंगांच्या पेटीकडे वळल्या, भिंग नको असतानाही, आणि पाठमोऱ्या उभ्या राहून उगाच एकेक खण उघडू लागल्या. मागे खुर्ची एकदा करकरली.

"तुमचा उजवा खांदा जरा खाली आहे," तो हळूच म्हणाला. "चार महिने तेवढाच बघतोय मी."

बाई वळल्या. "ते पत्र माझंच."

"कळलं आता."

मग त्याने विचारलं, "मानसिक छळ पण तुमचाच?"

"ते आमच्या ह्यांनी घातलं."

तो आधी नाकातल्या नाकात आणि मग पोट हलवून हसला. बाईंना मात्र हसू येईना. त्यांनी कोपराचं बँडेज दाखवलं, लाल मोटारीचं सांगितलं, तुम्ही मला सांभाळत होतात आणि मी हे असं केलं, म्हणून त्या रडकुंडीला आल्या. तो अवघडून म्हणाला की सांभाळणं वगैरे काही नाही, टँकर अर्धा असतो म्हणून. मग थोडं थांबून, इतके दिवस पोटात ठेवलेलं बोलला.

"पण तुम्ही पुलावर फार कडेला जाता. कडेला गेलात की मागच्याला वाटतं, जागा आहे. तेवढ्यापुरतं मधे चालवा. रागावतील. रागावू द्या."

बाईंनी मान डोलावली आणि डोळे पुसून राहिलेली तपासणी पूर्ण केली, कारण काम ते काम. लांबचं त्याला गरुडासारखं दिसत होतं. जवळची छापील ओळ मात्र हात ताणूनही लागेना. कचेरीने दाखवलेलं पत्र त्याने साहेबांनी तोंडी सांगितलं तेवढं ऐकून, स्वतः न वाचताच सही करून परत दिलं होतं. बाईंनी वाचायचा चष्मा त्याच संध्याकाळी स्वतः घासून तयार केला आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही.

गुरुवारी त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी दुकान बंद केलं आणि डेअरीची कचेरी गाठली. तिथले वाहतूक अधिकारी सभ्य होते, पण नियमाला पक्के. आलेली तक्रार मागे घेण्याची सोय नव्हती. चालकाबद्दल चांगलं लिहायचं तर त्यासाठी फॉर्म नव्हता. फॉर्म एकच, तक्रारीचा. मग तोच द्या, असं बाई म्हणाल्या. खुर्ची ओढून त्यांनी स्वतःच्या हाताने तो भरला, आणि या वेळी खाली नाव-पत्ता सगळं लिहिलं.

तक्रारीचे स्वरूप: चालक चार महिने माझ्या मागे राहिला. मी वारंवार हात करूनही त्याने मला ओलांडले नाही. मागच्या गाड्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी बाजूला झाला नाही.

झालेले नुकसान: तो असेपर्यंत काही नाही. तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी उजवे कोपर.

अपेक्षित कारवाई: त्याला ताबडतोब त्याच रस्त्यावर परत पाठवावे.

अधिकाऱ्यांनी फॉर्म दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि चालकाला आत बोलावलं. यावर तुमचं काय म्हणणं, असं विचारून कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने खिशातून नवा चष्मा काढला, दोन्ही कानांवर नीट बसवला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत सगळं वाचलं.

"आरोप मान्य आहे," तो म्हणाला.

सोमवारी सव्वासातला पुलाशी ओळखीची घरघर ऐकू आली, आणि बाई रस्त्याच्या मधे सरकल्या.

पुढची गोष्ट लहान आहे. फेरीला दहा दिवस उरले होते आणि शेवटच्या सायकलच्या मागे राहणारी गाडी कॅप्टनना मिळत नव्हती. गेल्या वर्षीचा व्हॅनवाला सारखा कंटाळून पुढे जायचा. शेवटच्या माणसाच्या वेगाने सात तास गाडी चालवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. माझ्या माहितीत एक आहे, बाईंनी सांगितलं, त्याला सवय आहे. डेअरीने टँकरवर आपला फलक लावायच्या बोलीवर रविवारी रिकामा टँकर दिला.

शेवटची सायकल कुणाची असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. एक्याऐंशीवा किलोमीटर आला तेव्हा बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. एक्याण्णवला तोच जुना पूल. पाय भरून आले होते, घड्याळात सहा तास बावीस मिनिटं झाली होती आणि मागे तीन-चार गाड्या एकदम हॉर्न मारत होत्या. बाई रस्त्याच्या मधोमध चढत राहिल्या. ते हॉर्न आपल्यावर नाहीत, मधे कोण आहे, हे आता त्यांना मागे न बघता कळत होतं.

पूल उतरला, रस्ता रुंद झाला. रोज इथे टँकर पुढे जायचा आणि खिडकीतून हात वर व्हायचा. आज त्याला मागेच राहायचं होतं. तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा हँडलवरचा एक हात, पुढे जा म्हणून नव्हे, नुसता वर उचलला आणि पाच आकडे मोजेपर्यंत वर ठेवला. सायकल डुगडुगली, पण पडली नाही.

मागून टँकरचा हॉर्न वाजला. चार महिन्यांत बाईंनी तो एकदाही ऐकला नव्हता. एवढ्या अगडबंब गाडीचा तो हॉर्न अगदी बारीक आणि चिरका होता, रबरी खेळणं दाबल्यासारखा. बाईंना इतकं हसू आलं की पुढचा एक किलोमीटर कसा गेला ते कळलंच नाही, आणि उरलेल्या आठांना अजून अर्धा तास होता.