खळगा पडलेलं काडतूस

मागच्या खोलीतली काकांची बंदूक विकायला काढली, तेव्हा काकूंनी सगळे कागद जुळवून ठेवले होते: परवाना, मृत्यूचा दाखला, विक्रीची परवानगी. घेणारे निवृत्त मास्तर भलतेच काटेकोर. त्यांनी आपला परवाना दाखवला आणि बंदुकीवरचा नंबर कागदाशी दोनदा ताडून पाहिला.

"आता उघडून बघतो. रिकामी असली तरी बघायचीच, हा माझा शिरस्ता."

"बघा की. ह्यांनी घरात कधी भरून ठेवली नाही," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी बंदूक उघडली. आत एक काडतूस होतं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. बुडाला बारीक खळगा पडला होता.

"चाप ओढलाय कुणीतरी," ते हळूच म्हणाले. "उडालं नाही, एवढंच."

काकूंनी पुढे होऊन तो खळगा पाहिला. काका गेले ते तापाने, अंथरुणात. पण त्याच्या आदल्या वर्षी एका दुपारी ते मागच्या खोलीतून घामाने निथळत बाहेर आले होते आणि ओट्यापाशी काकूंचा हात धरून नुसते उभे राहिले होते.

"कामात लुडबुड नको," म्हणत काकूंनीच त्यांना पुन्हा त्या खोलीत पिटाळलं होतं.